प्राथमिक शाळेतला समुपदेशक नेमका कोणाचा?

(शिक्षक आणि पालक यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकल्यावर दोन-तीन जणांनी मला आधीच विचारलं, 'प्राथमिक शाळेत समुपदेशक कशाला? एवढ्याशा पोरांना कसलं आलंय टेन्शन?' प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. समुपदेशक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक म्हणजे दहावीची कलचाचणी, म्हणजे कला, वाणिज्य की विज्ञान हे सांगणारं कुणीतरी. दुसरं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्तमानपत्रांत येणारे परीक्षेच्या ताणासाठीचे फोन नंबर. दोन्ही मोठ्या मुलांसाठी. पहिली ते चौथी-पाचवीचं मूल या चित्रात कुठेच नाही.

त्यात हा शब्दही थोडा घात करतो. 'समुपदेशक' या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय! त्यामुळे पालक येतात, मुलाला पुढे ढकलतात आणि म्हणतात, 'मॅडम, याला जरा चार गोष्टी सांगा.' आता चार गोष्टी सांगणारी माणसं त्या मुलाच्या आयुष्यात आधीच भरपूर आहेत. आई, बाबा, आजी, वर्गातल्या बाई, ट्यूशनच्या ताई, झालंच तर व्हॅनवाले काका. आणखी एक भर घालायला शाळेनं पगार देऊन माणूस नेमायची गरज नाही.

मग तो कशासाठी नेमायचा? याचं उत्तर ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो मला या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. हा समुपदेशक कोणाचा?

कॉलेजातला मुलगा स्वतः दार ढकलून आत येतो. त्याला काहीतरी हवं असतं. पहिलीतलं मूल असं येत नाही. त्याला कुणीतरी पाठवतं, नाहीतर बखोटीला धरून आणतं. आता पाठवणाऱ्याला काय हवंय ते बघा. बाईंना वर्ग शांत हवाय. आईला 'ब' श्रेणीची 'अ' व्हायला हवीय. मुख्याध्यापकांना तक्रार संस्थेच्या कार्यालयापर्यंत जायला नकोय. आणि पगार संस्था देते. यातलं कुणाचंही मागणं वाईट नाही. पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यानं काहीच मागितलेलं नाही. ते सहा-सात वर्षांचं मूल डबा अर्धा टाकून एका अनोळखी बाईंसमोर खुर्चीत बसलंय, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि त्याच्या डोक्यात एकच विचार आहे की आपण काय केलं?

म्हणून मूल बोलतं कसं, ते आधी समजून घेऊ. लहान मूल 'मला अस्वस्थ वाटतंय' असं म्हणत नाही. तो शब्दच त्याच्याकडे नसतो. ते म्हणतं, 'पोटात दुखतंय.' आणि खरंच दुखत असतं, बरं का. नाटक म्हणून सोडून देऊ नका. भीतीनं पोटात गोळा येतो, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे. सोमवारी सकाळी दुखणारं आणि शनिवारी दुपारी थांबणारं पोट आधी डॉक्टरांना दाखवायचंच, पण तिथे सगळं ठीक निघालं तर ते पोट आपल्याला काहीतरी सांगतंय असं धरायचं. सुटलेली सवय परत येते, म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं होतं. घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेत वर्षभर एक शब्द बोलत नाही. स्वतःचं कंपास भरलेलं असताना शेजारच्याचं खोडरबर उचललं जातं. ही सगळी त्यांची बोलण्याची पद्धत आहे.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दुसरीतली मुलगी. आईची तक्रार अशी की पाण्याची बाटली रोज जशीच्या तशी परत येते. मुलीला लघवीचा संसर्ग झाला, औषधानं बरा झाला, थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. वर्गशिक्षिकेची तक्रार वेगळी. शेवटच्या दोन तासांत हिचं लक्ष नसतं, सारखी चुळबुळ करते. माझ्याकडे पाठवली ती 'एकाग्रता वाढवण्यासाठी'. मी एकाग्रतेबद्दल तिच्याशी अवाक्षर काढलं नाही. आम्ही जमिनीवर खडूनं शाळेचा नकाशा काढला. फाटक, पटांगण, वर्ग, पाण्याची टाकी. मग आवडत्या जागी चिंचोका ठेवायचा आणि नावडत्या जागी खडा, असा खेळ. ती सगळीकडे फिरली, पण मागच्या कोपऱ्यात काही ठेवलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिथे तीन खडे ठेवले. मुलींचं स्वच्छतागृह. आत कडी लागत नव्हती, दिवा नव्हता आणि बाहेरून मुलं दार ढकलून पळत होती. पाणी प्यायलं नाही की तिथे जावं लागत नाही. सात वर्षांच्या मुलीनं केलेला हा हिशेब होता, आणि बिनचूक होता.

उपाय काय झाला? एक कडी, एक बल्ब आणि मधल्या सुट्टीत दाराशी मावशींची खुर्ची. मी नोंदवहीत 'दोन भेटी' असं लिहिलं. काम सुतारानं केलं.

कुणी म्हणेल, कडी बसवून घेणं हे काय समुपदेशकाचं काम आहे? माझ्या मते अगदी तेच आहे. त्या मुलीला 'धीट हो, घाबरायचं नाही' असं शिकवणं सोपं होतं, फुकटही होतं. पण मग मी तिची राहिले नसते, शाळेची झाले असते. मूल बिघडलंय असं सांगून तुमच्याकडे पाठवतात, तेव्हा आधी त्याच्या भोवतीचं काय बिघडलंय ते तपासायचं. प्राथमिक शाळेत हे फार वेळा सापडतं, कारण लहान मुलाला आपली परिस्थिती बदलता येत नाही. शाळा बदलता येत नाही, बाक बदलता येत नाही, डब्यात काय येतं तेही त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात काय आहे? पाणी न पिणं.

आता शिक्षकांकडे येते, कारण समुपदेशकाचा निम्मा वेळ खरं तर शिक्षकांबरोबर जायला हवा. मुलं साधारण पाच तास त्यांच्याजवळ असतात, माझ्याजवळ आठवड्यातून अर्धा तास. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना शहाणपण शिकवायला जाऊ नये, त्या दारातूनच परत पाठवतात, आणि बरोबर करतात. मी एवढंच करते की तक्रारीचं वर्णन करून मागते. 'हा फार मारकुटा आहे' ही तक्रार झाली. केव्हा मारतो? कुणाला? त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं? मारल्यावर काय होतं? आठवडाभर एका चिठ्ठीवर एवढंच लिहायचं.

तिसरीतल्या एका मुलाच्या बाबतीत अशी चिठ्ठी आली, तर सहापैकी पाच वेळा मारामारी मराठीच्या तासाला होती. प्रकट वाचन चालू असताना. आणि मारल्यावर काय होत होतं? त्याला वर्गाबाहेर उभं करत होते. म्हणजे वाचायची पाळी येण्याआधी त्याची सुटका होत होती! शिक्षा त्याला हवीच होती. मग त्याला एकट्याला बसवून वाचायला दिलं. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल, जोडाक्षर आलं की थांबणं, वेलांट्या कुठच्या कुठे. तोंडी गोष्ट मात्र अशी रंगवून सांगायचा की ऐकत राहावं.

इथे समुपदेशकानं आपली पायरी ओळखायची. अशा मुलाला 'डिस्लेक्सिया आहे' असं मी सांगायचं नाही. तो माझा अधिकार नाही. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली आहे, आणि तिचं प्रमाणपत्र ठरलेल्या तपासण्या होऊनच मिळतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षकांनी प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची असं सांगितलं होतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिलीतल्या मुलानं 'भ'चा 'म' केला म्हणून घाबरायचं नाही, बहुतेक मुलं करतात. पण चौथी-पाचवीपर्यंत 'होईल हळूहळू' म्हणत बसायचंही नाही. तोपर्यंत त्या मुलाला 'ढ' हे नाव पडलेलं असतं, आणि ते त्यानं मान्यही केलेलं असतं. अक्षरं नंतर शिकवता येतात. ते नाव पुसायला फार वर्षं लागतात.

जाता जाता चित्रांबद्दल एक सांगते, कारण हल्ली इंटरनेटवर वाचून बरेच पालक मुलांच्या चित्रांचा अर्थ लावत बसतात. घर काळ्या रंगात काढलं म्हणजे नैराश्य, वगैरे. मी एका मुलाला विचारलं, 'सगळं काळं का रे?' तो म्हणाला, 'बाकीचे खडू ताईनं घेतले.' चित्र, बाहुल्या, माती ही मुलाला बोलतं करायची साधनं आहेत. त्यातून कुंडली मांडायची नसते. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत वीस मिनिटं व्हरांड्यात उभं राहा. कोण एकटं डबा खातंय, कुणाचा डबा रोज कुणीतरी दुसरंच खातंय, खेळात कोण नेहमी 'कच्चा लिंबू' असतं. मला खोलीत तासभर बसून कळत नाही ते तिथे कळतं.

पालकांचं काय? शाळेतून फोन गेला की आईचा पहिला प्रश्न, 'काय केलं त्यानं?' आणि समुपदेशकाचं नाव निघालं की दुसरा, खालच्या आवाजात, 'म्हणजे माझं मूल तसं आहे का हो?' 'तसं' म्हणजे काय, ते उच्चारायचीही तयारी नसते. त्या बाईला आधी पाणी द्यावं, मग बोलावं. आणि बाबांना मुद्दाम बोलवावं. नाहीतर होतं असं, की मूल बिघडलं तर आईनं यायचं आणि बक्षीस मिळालं तर बाबांनी. समुपदेशकाची खोलीही मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून नसावी, हे माझं ठाम मत आहे. तिथे जाणारं मूल शिक्षेला चाललंय असंच सगळी शाळा समजते. काही शिक्षक तर तसं सांगतातही, 'गप्प बस, नाहीतर समुपदेशन मॅडमकडे पाठवीन!' २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आहे. छडी गेली, ती जाणारच होती. पण तिच्या जागी आता समुपदेशकाला उभं करू नका.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या मुद्द्याकडे येते. मूल आपल्याला गुपित सांगतं. 'कुणाला सांगणार नाही ना?' असं आधी विचारतं. त्या क्षणी तोंडातून 'नाही, अजिबात नाही' असं निघू पाहतं. ते निघू द्यायचं नाही. मी म्हणते, 'तुझ्या बऱ्याच गोष्टी माझ्याजवळच राहतील. पण तुला कुणी इजा करत असेल, तर तुला मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना मला सांगावं लागेल. ते मी तुला आधी सांगून करीन.' यावर एखादं मूल गप्प होतं. होऊ द्यावं. ते चार दिवसांनी पुन्हा येतं, कारण आपण त्याच्याशी खोटं बोललेलो नसतो.

कारण कायदा स्पष्ट आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकाला यातून सूट नाही. न कळवण्याबद्दल कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, 'नक्की का?' असं दरडवायचं नाही, त्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. ते जे आणि जसं बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं. आणि 'तू सांगितलंस ते चांगलं केलंस' एवढं त्याला म्हणायचं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं? कुणीतरी वरिष्ठ म्हणतात, 'मॅडम, घाई नको. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. आधी आपण आपल्या पातळीवर बघू.' कधी घरचेच हात जोडतात, कारण ज्याचं नाव निघालंय तो घरातलाच असतो. मघाशी मी विचारलं ना, समुपदेशक कोणाचा, तो प्रश्न इथे खरा होतो. बाकी वेळी सगळ्यांना धरून चालता येतं. इथे नाही येत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं, शिशुवर्गातल्या मुलींच्या बाबतीत, ते या सभागृहात कुणाला सांगायला नको. त्यानंतर सगळीकडे सीसीटीव्हीची चर्चा झाली. कॅमेरे हवेतच. पण 'मला त्या दादाकडे जायचं नाही' हे वाक्य कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. ते कुणाला तरी ऐकू यायला हवं, आणि त्या माणसाची नोकरी ते ऐकल्यामुळे धोक्यात येता कामा नये. समुपदेशकाच्या नेमणूकपत्रात हे लेखी असावं, असा मी प्रत्येक शाळेकडे आग्रह धरते.

नेमणुकीचं म्हणाल तर चित्र असं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षक किती हे पटावरून ठरवून दिलंय, ग्रंथालय आहे, खेळाचं साहित्य आहे. समुपदेशक नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा. फार मोठी गोष्ट आहे. पण शंभराला एक हा नेमणुकीचा उंबरठा आहे, प्रमाण नाही. दोन हजारांच्या शाळेनंही एक माणूस नेमला की नियम पाळल्यासारखं दिसतं. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक असावा असं म्हणते. आपण तिथवर लगेच पोचणार नाही, मान्य. पण दोन हजारांना एक असेल तर तो फक्त आग विझवत फिरतो, आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहायला त्याला वेळच मिळत नाही.

इथे थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न (एक जिल्हा परिषद शिक्षक): आमची शाळा दोन शिक्षकी आहे. पट एकतीस. समुपदेशक कधी येणार माहीत नाही. आम्ही काय करायचं?

सर, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी शहरातल्या शाळेकडे नाही. तुम्हाला एकतीसच्या एकतीस घरं माहीत आहेत. कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि मूल आजीजवळ आहे, कुणाच्या घरी दारू आहे, हे तुम्हाला न विचारता कळतं. दिवाळीनंतर ज्यांचे आईवडील गावाबाहेर जातात, त्या मुलांची पहिल्या दोन आठवड्यांत वेगळी वही ठेवा. जेवतात का, झोप काढतात का वर्गात, कोण रडतंय. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी दोन मिनिटं, अभ्यास सोडून. तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा नंबर भिंतीवर लावा. शिवाय सरकारनं २०२२ मध्ये शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं आहे. ती तुमच्याकडे कागदावर असेल, तर तिची एक खरी बैठक घ्या आणि गावातली अशी एक बाई त्यात आणा, जिच्याजवळ मुली आपणहून जातात. आणि सर, तुम्ही दोघंच आहात, तर आठवड्यातून एकदा एकमेकांशीही बोला. एकट्यानं हे सगळं मनात साठवू नका.

प्रश्न (एक आजी): आमची नात पहिलीत आहे. शाळेतून आल्यावर काही सांगतच नाही. 'काय शिकवलं?' विचारलं की म्हणते, 'काही नाही.' तिला काय विचारावं?

आजी, आल्या आल्या काहीच विचारू नका. आधी हातपाय धुऊ दे, खाऊ दे. मग तुमचंच काहीतरी सांगा. आज भाजीवाल्यानं कशी मिरची दिली, जिना चढताना गुडघा कसा दुखला. मुलं आपलं ऐकता ऐकता बोलायला लागतात. आणि विचारायचंच झालं तर अभ्यासाचं सोडून विचारा. डबा कुणाबरोबर खाल्लास? आज कोण रडलं? बाई कुणावर रागावल्या? 'कोण रडलं' याचं उत्तर मुलं फार उत्साहानं देतात, आणि त्यात कधीकधी स्वतःचंही सांगून टाकतात. शिवाय रोज दप्तरातून पाण्याची बाटली काढाल, तेव्हा ती किती भरलेली आहे तेवढं बघत जा.